आप्पांची फूटपट्टी

शीटमधल्या आकड्यांत अधिक आणि उणे दोन्ही असले की चार्टमध्ये शून्याची रेघ मधोमध येते, आणि तारखा त्या रेघेलाच चिकटून बसतात. अधिकचे बार वर उभे राहतात, त्यांना काही होत नाही. उण्याचे बार मात्र खाली लोंबतात आणि तारखा नेमक्या त्यांच्या अंगावर चढतात. काही म्हणजे काही वाचता येत नाही. मग ॲक्सिसवर उजवं क्लिक करायचं, फॉरमॅटमध्ये जायचं आणि लेबलची जागा ‘लो’ करायची. तारखा मुकाट तळाला जाऊन बसतात. बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका फौंड्रीत क्वालिटीच्या टेबलावर बसून मी बारा वर्षं हे करते आहे. नव्या आलेल्यांना शिकवते, चुकले तर झापते. तारखा मध्ये अडकलेला चार्ट कुणी दिला तर मी तो तसाच परत पाठवते. एवढी मी शहाणी. हे शहाणपण मी घरी घेऊन गेले, आणि तिथं जे झालं ते आईखेरीज आजवर कुणालाच धड सांगितलेलं नाही.

माझे वडील, आप्पा, ह्याच उद्यमबागेत मोल्डर होते. काळ्या वाळूत साचा भरायचा, त्यात पातळ लोखंड ओतायचं, थंड झालं की फोडून माल काढायचा. तीस वर्षं त्यांनी हे केलं. तेव्हा आम्ही जवळच अनगोळात भाड्यानं राहायचो. पुढं माझं सासरही अनगोळातच झालं. आप्पा रिटायर झाले आणि आईला घेऊन निपाणीला परत गेले, आपल्या दोन खोल्यांच्या घरात. आई मूळची निपाणीची, लग्नाआधी आणि नंतरही विड्या वळणारी. तंबाखू हातात घेतली की वजन सांगायची, आणि सहसा चुकायची नाही.

मला नोकरी लागली तेव्हा आप्पांनी एकच गोष्ट शिकवली होती. साचा भरताना हात नेहमी जादाकडं ठेवायचा. “जादा असलं तर घासता येतंय. कमी पडलं तर परत भट्टीतच.” फौंड्रीत हे सगळ्यांच्या रक्तात असतं. अधिक म्हणजे हायसं वाटतं, उणे म्हणजे माल वाया. आमच्या चार्टमध्येही अधिकचे बार हिरवे असतात आणि उण्याचे लाल. असं का, हे कधी कुणी विचारलं नाही.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर आप्पांना धाप लागायला लागली. बेळगावात दवाखान्यात ठेवलं. हृदय थकलं होतं, पंपिंग कमी झालं होतं, अंगात पाणी साठत होतं. आठ दिवसांत ते पाणी काढलं तेव्हा खाली जो माणूस उरला तो बघवत नव्हता. गालफडं बसलेली, मनगटावरचं घड्याळ कोपरापर्यंत घसरणारं. सोडताना डॉक्टरांनी अर्धं कानडीत, अर्धं इंग्रजीत सांगितलं. मीठ कमी करा. पाण्याची गोळी चुकवू नका. रोज सकाळी वजन करा. अठ्ठावन्न किलो हे ह्यांचं कोरडं वजन. त्याच्यावर दोन किलो गेलं की मला फोन करा, वाट बघू नका. मी ते सगळं वहीत लिहून घेतलं आणि ‘दोन’ भोवती गोल केला.

मी एक डिजिटल वजनकाटा घेऊन दिला. रोज सकाळी सातला आईचा फोन यायचा. मी अनगोळच्या स्टॉपवर कंपनीच्या बसची वाट बघत उभी असायची. “सत्तावन्न पॉइंट दोन,” आई सांगायची, मी मोबाईलवरच्या शीटमध्ये टाकायची. अठ्ठावन्न वजा करायचं काम शीटचं, चार्ट काढायचं कामही शीटचं. आणि दर रविवारी मी त्याचा प्रिंट घेऊन निपाणीला जायची. आप्पा तो कॅलेंडरशेजारी भिंतीला लावायचे.

पहिला चार्ट मी घाईत काढला होता. तारखा मधल्या रेघेवर तशाच राहिल्या होत्या. सुरुवातीचे दिवस सगळे उण्यातले, लाल बार खाली लोंबकळत होते आणि त्यांच्यावर तारखांचा चिखल. आप्पांनी चष्मा लावून बघितलं. “माझं वजन तारखांच्या मागं लपून बसलंय की गं. फौंड्रीत असंच काम करतीस व्हय?” मी जाम ओशाळले. तिथंच मोबाईलवर तारखा खाली ढकलल्या. “आता कसं,” आप्पा म्हणाले, आणि आईला बोलावून दाखवलं, पोरगीनं एका बोटानं सरकवलं म्हणून.

पुढच्या रविवारी त्यांनी दुसरी खोड काढली. आधीच्या प्रिंटमध्ये एक किलोची रेघ शून्यापासून वीतभर खाली होती, नव्यात ती चार बोटांवर आली होती. मी सांगितलं, सगळ्यात मोठा आकडा बघून कॉम्प्युटर आपल्या आपण ॲक्सिस बदलतो. आप्पांना ते अजिबात पटलं नाही. “फूटपट्टी रोज बदलती व्हय? मग माप कशाचं घ्यायचं? काल एक किलो एवढा, आज तेवढा. असल्या फूटपट्टीनं आम्ही माल केला असता तर मालकानं दारात उभं केलं नसतं.” आई हसली. मलाही हसू आलं, पण त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं.

म्हणून मी ॲक्सिस कायमचा करून टाकला. वर अधिक दोन, खाली उणे दोन. कामावर आम्ही असंच करतो. मालाच्या मापात जेवढा फरक चालतो तेवढीच चार्टची वरची आणि खालची हद्द ठेवतो, म्हणजे बार मोठे दिसतात आणि साहेबाला लांबून कळतं. हद्दीबाहेर गेलेला माल चार्टमध्ये शोधायचा नसतो. त्याची लाल यादी वेगळी असते, इन्स्पेक्टरकडं. ती रोज दोघं तपासतात, सही करतात. घरच्या शीटला मी ती यादी ठेवली नाही. दोनवर गोल केलेली वही होती, चार्टवर दोनची हद्द होती, आप्पांना न बदलणारी फूटपट्टी मिळाली होती. मला वाटलं, झालं काम.

हद्द एकदा बांधली की दोनच्या वर जाणारा बार दोनवरच कापला जातो. अडीच असो, पाच असो, दिसायला दोनच. कॉम्प्युटर त्याबद्दल एक शब्द बोलत नाही. हे मला माहीत होतं. नव्या पोरींना मीच हे शिकवते.

महिनाभरात लाल बार आखूड झाले आणि एक दिवस पहिला हिरवा बार उभा राहिला. अधिक शून्य पॉइंट तीन. आप्पांना लई आनंद झाला. भट्टीत जाणारा माल वाचल्यासारखा चेहरा झाला त्यांचा. “अंग धरायला लागलं बघ,” म्हणाले. मीही तेच मानलं. वाळलेला माणूस भरतो आहे ह्यापलीकडं मला काही दिसत नव्हतं. जादा असलं तर घासता येतंय.

मग कंपनीत ऑडिट आलं. दोन रविवार मला निपाणीला जाता आलं नाही. प्रिंटऐवजी मी मोबाईलवर चार्टचा फोटो पाठवायची. त्या दिवसांतला एक फोन मला शब्दाशब्दानं पाठ आहे.

“आई, आकडा सांग लवकर, बस आली.”

“साठ पॉइंट चार. आणि ऐक गं, ह्यांच्या पायात चप्पल शिरंना झालीया.”

“अंग धरलंय तर पायबी धरणारच की.”

“तसं न्हाय. बोट दाबलं तर खड्डा ऱ्हातोय.”

“बरं, रविवारी बघते. मोठ्या नंबरची चप्पल आणते.”

मागून आप्पांचा आवाज आला. “बार कुठं हाय इचार.” मी चार्ट बघितला. “वर हाय, दोनला टेकलाय.” “टेकलाय न्हवं? मग चाललं,” आप्पा म्हणाले, आणि आईनं फोन ठेवला.

अठ्ठावन्न आणि दोन साठ, एवढी बेरीज दुसरीतल्या पोराला येते. मला आली नाही, कारण मी बेरीज करतच नव्हते. आईच्या तोंडचा आकडा माझ्या कानातून बोटात जायचा आणि बोटातून शीटमध्ये. डोक्यात जायचा तो फक्त चार्ट. दोन दिवसांनी आईनं सांगितलं की तिनं आप्पांच्या चपलेचा अंगठा कापून टाकला, आता पाय शिरतो. मी म्हटलं, बरं केलंस. त्या आठवड्यातले बार एका उंचीचे, एका ओळीत, हिरवेगार उभे होते. मी नवऱ्याला दाखवलं आणि म्हटलं, बघा, आप्पा कसे स्थिर झालेत.

बुधवारी ऑडिट संपलं. गुरुवारी सकाळी आईचा फोन आला, तो आकड्याचा नव्हता. आप्पांना श्वास घेता येत नव्हता. शेजाऱ्यांनी गाडी बोलावली, निपाणीहून बेळगावला आणलं. मी दवाखान्याच्या दारात उभी होते. स्ट्रेचर उतरवलं तेव्हा आप्पांनी माझ्याकडं बघितलं, पण बोलायला दम नव्हता. चादरीतून पाय बाहेर आले होते, गच्च फुगलेले, चकाकणारे. ते पाय मी दोन आठवडे बघितले नव्हते.

डॉक्टरांनी विचारलं, वजन किती होतं? मी मोबाईल पुढं केला. चार्ट. त्यांनी दोन बोटांनी तो मोठा करून बघितला. “हे दोन आहे?” माझ्या मागून आई म्हणाली, “त्रेसष्ट पॉइंट चार. काल सकाळचं.” डॉक्टरांनी चार्टकडं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं, आणि मोबाईल परत दिला. ती वजाबाकी मी त्या कॉरिडॉरमध्ये पहिल्यांदा केली. पाच पॉइंट चार.

दुपारी आप्पा गेले.

दिवस-कार्याला माणसं जमली, आणि माणसं जमली की कारणं निघतात. कुणीतरी म्हणालं, ह्या दुखण्यात मीठच घात करतं. आई कोपऱ्यात बसली होती. ती हळूच म्हणाली, “मी मिरचीचा खर्डा दिलता त्यास्नी, मीठ घालून. दोनदा. लई मागत हुते.” सगळे गप्प झाले. ते गप्प बसणं तिनं निकाल म्हणून घेतलं. मी शेजारीच बसले होते. त्याच वेळी तोंड उघडायला हवं होतं. दोन घास खर्ड्यानं पाच किलो पाणी साठत नाही, आणि साठलं तरी आठवड्याआधी डॉक्टरला फोन केला असता तर ते उतरवता आलं असतं, असं म्हणायला हवं होतं. मी म्हणाले नाही. मला लाज वाटत होती, आणि त्याहून जास्त भीती वाटत होती. चारचौघांत मी मान खाली घालून बसले आणि माझ्या आईच्या माथी ते बसू दिलं.

त्या दिवसापासून आईनं मीठ सोडलं. कुणाला सांगितलं नाही, नवस नाही, व्रत नाही. मी रविवारी गेले की मला कळायचं. ती आमटी अळणीच करायची. मग फळीवरचा मिठाचा डबा काढायची, चिमूटभर माझ्या वाटीत टाकायची, बोटानं ढवळायची आणि डबा परत झाकून ठेवायची. स्वतःच्या वाटीत नाही. “आई, थोडं घे की,” मी म्हणायची. “सवय झाली,” ती म्हणायची. मी पुढचा घास घ्यायची. असे पाच महिने मी तिच्या हातची ती चिमूट खाल्ली. नीट खारट लागायची. मला स्वतःची किळस यायची, तरी घास उतरायचे.

कामावर मी तोपर्यंत जरा विचित्र झाले होते. कुणी ॲक्सिसची हद्द बांधली की खेकसायची. एका नव्या पोरीला मी एवढं बोलले की ती रडली. साहेब म्हणाले, अहो, तुम्हीच तर हे शिकवलंय त्यांना. मी बाथरूममध्ये जाऊन तोंड धुऊन आले.

मग आई नळावर चक्कर येऊन पडली. शेजारणीचा फोन आला. निपाणीच्या डॉक्टरनं तपासून सांगितलं, प्रेशर पार खाली गेलंय, अंगात मीठच नाही, ह्या वयात असलं काही करू नका. आईनं मान डोलावली. पुढच्या रविवारी मी गेले तर आमटी अळणी आणि डबा फळीवर, तसाच. तेव्हा मला कळलं की आता गप्प बसले तर ही दुसरी पण जाईल, आणि ही सुद्धा माझ्यामुळंच.

त्याच्या पुढच्या रविवारी मी लॅपटॉप घेऊन गेले. दुपार होती, स्वयंपाक झाला होता, जेवायचं होतं. आई उंबऱ्यात बसून शेंगा फोडत होती. भिंतीवर आप्पांचा शेवटचा प्रिंट अजून तसाच होता, कडेला पिवळा पडलेला. मी तिच्याशेजारी बसले आणि शीट उघडली.

“हे काय गं?”

“आप्पांचं वजन. तू सांगितलेलं.”

ती शेंगा बाजूला ठेवून सरकून बसली. तिनं तो चार्ट प्रिंटवरून आणि मी पाठवलेल्या फोटोंवरून पाठ केला होता. हिरव्या सपाट ओळीवरून तिनं बोट फिरवलं. मी ॲक्सिसवर उजवं क्लिक केलं. बांधलेल्या आकड्याशेजारी ‘रीसेट’ असं एक छोटं बटण असतं. ते दाबलं की हद्द सुटते. मी दाबलं.

वरचे बार उसळून उभे राहिले. दोन पॉइंट चार, दोन पॉइंट नऊ, साडेतीन, चार, पाच पॉइंट चार. आधीचे सगळे दिवस तळाशी चिरडल्यासारखे बारीक झाले. मी हे तोपर्यंत एकदाही बघितलं नव्हतं. हिंमतच झाली नव्हती.

आई स्क्रीनजवळ वाकली. तिला काय दिसतंय ते मी सांगायला लागले, तर तिनं हातानं मला थांबवलं. तिचं बोट पहिल्या उंच बारवर गेलं. “हा चप्पल शिरंना झाली तो.” पुढच्यावर. “ह्या दिवशी भाकरी अर्धी टाकली.” पुढच्यावर. “हा अंगठा कापला तो.” मग आणखी पुढं. “हितनं ते भिंतीला टेकून बसून झोपाय लागले. आडवं पडलं की गुदमरायचं.” तिला एकाही तारखेकडं बघावं लागलं नाही. प्रत्येक दिवस तिच्या बोटाला माहीत होता.

“खर्डा कुठल्या दिवशी दिलतास?” मी विचारलं.

तिनं विचार केला आणि बोट मागं नेलं, पार मागं, जिथं बार अजून लाल होते. “हितं. आणि हितं.” त्या दोन दिवसांच्या पुढं आठवडाभर काहीच वाढलेलं नव्हतं. तिनं ते बघितलं. पुन्हा बघितलं.

“खर्ड्यानं काय झालं न्हाय आई,” मी म्हणाले. “दोनच्या वर गेलं की डॉक्टरला फोन करायचा हुता. तो मी करायचा हुता. मी वरचं कापून ठेवलं हुतं, म्हणून मला दोनच दिसत हुतं. आठ दिवस.”

“तुला हे दिसत न्हवतं?”

“न्हवतं. मीच झाकलतं.”

तिनं पदरानं हात पुसले. शेंगांची टरफलं गोळा केली. मी वाट बघत होते, ती ओरडेल, रडेल, नाहीतर म्हणेल की जाऊ दे गं, आयुष्य तेवढंच हुतं. तिनं ह्यातलं काहीच केलं नाही. टरफलं सुपात ठेवता ठेवता ती म्हणाली, “पण मी तुला सांगितलतं की. चप्पल शिरंना म्हणून. खड्डा ऱ्हातोय म्हणून. तू ऐकलतंस न्हवं?”

“ऐकलतं.”

“हां,” आई म्हणाली.

ती उठली. दोन ताटं घेतली, भाकरी ठेवली, दोन वाट्यांत आमटी वाढली. फळीवरचा डबा काढला, झाकण उघडलं, चिमूटभर मीठ घेऊन स्वतःच्या वाटीत टाकलं आणि बोटानं ढवळलं. पाच महिन्यांत पहिल्यांदा. मग झाकण लावलं आणि डबा परत फळीवर ठेवला. माझ्या वाटीकडं तिचा हात आला नाही.

मी डबा मागितला नाही. भाकरी मोडली आणि अळणी आमटीत बुडवून खाल्ली. आई समोर सावकाश जेवत होती. माझी वाटी रिकामी झाली तेव्हा तिनं वर बघितलं.

“अजून वाढू?”

“वाढ,” मी म्हणाले.